कांद्याच्या गोंड्यातलं मायोसिस: ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सगळ्याच कॉलेजांत होते. त्यात मायटोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या तीच राहते ते साधं पेशीविभाजन, हमखास दिसतं. मायोसिसची, म्हणजे ही संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाची पाळी आली की मात्र कपाटातली विकतची पर्मनंट स्लाइड बाहेर निघते. आमच्याकडची तर इतकी फिकट झाली आहे की काचेवरचं लेबलच जास्त गडद दिसतं. मुलं आत डोकावतात, "दिसलं सर" म्हणतात आणि वहीत पुस्तकातली आकृती उतरवतात. यंदा ताज्या कळीतून स्वतःच स्लाइड काढायची ठरवली. कॉलेज बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात आहे, सामान आणायचं तर एसटीने जिल्ह्याला जावं लागतं. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. थिअरी पुस्तकात आहेच.

१२ सप्टेंबर

सुरुवात कपाशीपासून. कॉलेजच्या तारेच्या कुंपणाला लागूनच कपाशी उभी आहे, पात्यांनी, म्हणजे कळ्यांनी लगडलेली, आणि मालकाला मूठभर पात्यांचं काही वाटत नाही.

मध्यम पात्या घेतल्या, बाहेरची तीन हिरवी वेष्टनं सोडवली, आतल्या नळीला चिकटलेले परागकोश सुईने काढून जुन्या बाटलीतल्या ॲसिटोकारमाइनमध्ये, म्हणजे गुणसूत्रं रंगवणाऱ्या लाल रंगात दाबले. दिसले मोठे, गोल, काटेरी परागकण. म्हणजे मायोसिस कधीच उरकलेलं. त्याहून लहान पाती घेतली, तरी तेच. कपाशीत हा सगळा कार्यक्रम फूल उमलायच्या कितीतरी दिवस आधी, पाती नखावर मावेल एवढी असतानाच होऊन जातो.

शेवटी एका अगदी बारीक पातीत परागमातृपेशी (मायोसिस होऊन ज्यांच्यापासून परागकण बनतात त्या) भेटल्या, पण त्यात मोजायचं काय? आपल्या शेतातल्या अमेरिकन कपाशीत ५२ गुणसूत्रं, म्हणजे २६ जोड्या, आणि त्याही बारीक. वर पातीतला चिकट द्रव कव्हरस्लिपखाली पसरतो. देशी कपाशीत निम्मी, २६ गुणसूत्रं असतात, पण ती आता आमच्या शिवारात कोणी लावत नाही. पहिल्या प्रयोगाला कपाशी घेऊ नका, ती दाराशी उभी असली तरी.

२१ सप्टेंबर

रंगाचं काम. जुन्या बाटलीत कारमाइन तळाशी बसलेलं, वर नुसतं गुलाबी पाणी. नवा रंग करायचा ठरवला. कारमाइनची पूड निवडुंगावर पोसणाऱ्या किड्यांपासून काढतात, त्यामुळे महाग. पाच ग्रॅमच्या डबीला हजाराच्या वर गेले. सुदैवाने शंभर मिलीला एकच ग्रॅम लागतं.

प्रमाण: ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ४५ मिली, डिस्टिल्ड वॉटर ५५ मिली, कारमाइन १ ग्रॅम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर चालतं.

पहिल्यांदा उघड्या बीकरमध्ये उकळलं. तासाभरात बीकर निम्मा झाला, डोळे चुरचुरायला लागले, शेजारच्या वर्गातून निरोप आला की वास सहन होत नाही. आणि इतकं करून रंगात कण तरंगत होते. दुसऱ्यांदा कोनिकल फ्लास्क घेतला, तोंडावर काचेचं नरसाळं ठेवलं, सगळं व्हरांड्यात नेलं. वाफ नरसाळ्याला लागून थंड होते आणि परत आत ठिबकते. मंद आचेवर तासभर, मग पूर्ण थंड, मग फिल्टर पेपरमधून गाळणं. गरम असताना गाळलं तर थंड झाल्यावर पुन्हा कण पडतात आणि गाळणं दोनदा करावं लागतं. गडद बाटलीत भरून तारीख घातली.

४ ऑक्टोबर

नर्सरीतून रिओची कुंडी आणली. वरून हिरवी, खालून जांभळी पानं, आणि पानाच्या बगलेत होडीसारख्या वेष्टनात पांढरी फुलं. गुणसूत्रं मोठी, संख्या फक्त १२, रंग लगेच घेतात. सहा सुटसुटीत जोड्या दिसतील या आशेवर बसलो होतो.

दिसली एक साखळी. दुसऱ्या पेशीत कडं. गुणसूत्रं एकमेकांच्या टोकाला टोक लावून रांगेत उभी. आधी वाटलं माझ्या दाबण्यातच काही चुकलं, पण प्रत्येक स्लाइडवर तेच. ही रिओची खासियत आहे. या वनस्पतीच्या पूर्वेतिहासात वेगवेगळ्या गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदललेले आहेत. त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राचं एक टोक एका शेजाऱ्याशी जुळतं आणि दुसरं टोक दुसऱ्याशी. जोड्या लागण्याऐवजी बाराची साखळी होते. बघायला फार सुंदर आहे, पण ज्याने साधी जोडी अजून पाहिलेली नाही त्याला हे आधी दाखवलं तर त्याचा घोळ होतो. कुंडी खिडकीत ठेवली, पुढे कधीतरी कामी येईल.

१८ नोव्हेंबर

कांदाच बरा, हे आता पक्कं. १६ गुणसूत्रं, आठ जोड्या, आकाराने मोठी. अडचण एकच, बाजारातल्या कांद्याला फूल नसतं. बियाण्यासाठी लावलेला कांदा हवा, आणि तो आता कुठे लावतायत. गोंडे, म्हणजे दांड्यावरचे कळ्यांचे गुच्छ, जानेवारीत.

आमच्या भागात कंपन्यांसाठी संकरित कांद्याचं बियाणं घेणारे शेतकरी आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचाच प्लॉट आहे. त्यांच्याकडे जाऊन आलो. तोवर अल्कोहोलची सोय लावायची.

१६ डिसेंबर

कळ्या तोडल्या तोडल्या ज्यात टाकायच्या ते द्रावण म्हणजे तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. त्याने पेशी जिथल्या तिथे, ज्या अवस्थेत आहेत त्या अवस्थेत थांबतात. अल्कोहोल मात्र ॲब्सोल्यूट, म्हणजे बिनपाण्याचं हवं आणि ते असं कुठल्याही दुकानात मिळत नाही. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट वापरून पाहिलं. रिओच्या कळ्यांवर चाचणी घेतली तर पेशीद्रव्य गढूळ आणि गुणसूत्रांच्या कडा फुगीर. त्या स्पिरिटमध्ये पाणी असतं आणि इतर काय काय मिसळलेलं असतं. शेवटी जिल्ह्याच्या एका सीनियर कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातून पाव लिटर मिळालं, लेखी अर्ज देऊन. याला वेळ लागतो. तुम्ही सुरुवातच इथून करा.

७ जानेवारी

गोंडे निघाले. प्लॉटमध्ये नराच्या दोन ओळी, मग मादीच्या सहा, पुन्हा नराच्या दोन. काकांनी, म्हणजे विद्यार्थ्याच्या वडिलांनी, बांधावरच बजावलं, "मादीच्या गोंड्याले हात नोका लावू सर. नराचे पायजे तेवढे न्या." हिशेब बरोबर आहे. बी मादीच्या ओळीवर धरतं, कंपनी तेच विकत घेते. नराचं काम परागकण पुरवण्यापुरतं, फुलोरा संपला की त्या ओळी उपटून टाकतात.

८ जानेवारी

सकाळी द्रावण करायला ॲसिडची बाटली काढली तर आत दगड. उलटी केली तरी थेंब पडेना. लॅबचे मामा म्हणाले, "सर, हे खराब झालं वाटते." खराब काही नव्हतं. हे ॲसिड १६.६ अंशांखाली गोठतं, आणि रात्री थंडी चांगलीच होती. बाटलीच्या काचेला आतून बर्फासारखे लांब लांब स्फटिक धरलेले, मधोमध थोडा पातळ भाग हलत होता. बादलीत कोमट पाणी घेऊन बूच थोडं सैल करून बाटली उभी ठेवली, अर्ध्या तासात सगळं पातळ. उकळतं पाणी घेऊ नका, काच तडकते. आणि अर्धवट वितळलेलं ओतू नका, प्रमाण चुकतं. बाटली आता शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात हलवली, तिथे उबदार असतं.

९ जानेवारी

पहिली खेप वाया. दुपारी दोनला गेलो आणि छान फुललेले गोंडे आणले. रात्रभर द्रावणात ठेवून आज दाबले. सगळ्या परागकोशांत तयार परागकण.

गोंडा दिसायला चांगला असला की आपल्या कामाचा नसतो. आपल्याला हवा तो गोंडा ज्याच्यावरचा पातळ पडदा नुकताच फाटतोय, आत कळ्या दाटीने उभ्या आहेत, एकही फूल उमललेलं नाही.

११ जानेवारी

पडदा फाटणारे गोंडे आणले, सकाळी दहाला. एका गोंड्यात शेकडो कळ्या आणि सगळ्या वेगवेगळ्या वयाच्या. हे कांद्याचं मोठं सुख, एकाच गोंड्यात सगळ्या अवस्था मिळतात. आणि हेच डोकेदुखीचं कारण, कारण कुठली कळी कुठल्या अवस्थेत आहे ते बाहेरून कळत नाही.

आज अंदाजाने कळ्या उचलत बसलो. संध्याकाळपर्यंत एकीकडे परागकण, दुसरीकडे विभाजनाच्या आधीच्या शांत पेशी. मधलं काहीच नाही.

१३ जानेवारी

मोजायला सुरुवात केली. पेट्री डिशखाली आलेख कागद ठेवला, एक मिलिमीटरचे चौकोन. कळ्या लांबीप्रमाणे ओळीत लावल्या आणि लहानापासून वर चढत गेलो.

आज एक युक्ती सापडली, तिने उरलेलं सगळं काम सोपं केलं. कांद्याच्या एका फुलात सहा परागकोश असतात. सहाच्या सहा एकदम दाबायचे नाहीत. एकच काढायचा, रंगाच्या थेंबात फोडायचा आणि कमी पॉवरवर बघायचा. परागकण असतील तर कळी फेकायची, अवस्था योग्य असेल तर बाकीचे पाच हातात आहेतच. एका परागकोशातल्या पेशी बहुतेक एकाच वेळी विभाजतात, त्यामुळे चाचणी विश्वासाची. फक्त सहात आतले तीन आणि बाहेरचे तीन अशी दोन वर्तुळं असतात आणि आतले थोडे पुढे असतात. कुठला काढला ते लिहून ठेवा.

परागकोश पिवळा दिसला की फेका. काचेसारखा, जरा हिरवट पांढरा हवा. आमच्या या वाणात तीन मिलिमीटरच्या आसपासच्या कळ्या कामाच्या निघाल्या. तुमच्या वाणात थोडं मागेपुढे होईल, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा कळ्या ओळीत लावा.

१५ जानेवारी

काल संक्रांतीची सुटी. आज पहिल्यांदा मायोसिस दिसलं. पॅकिटीन, म्हणजे पहिल्या प्रोफेजमधली (विभाजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातली) एक अवस्था. लांब, जाड धागे पेशीभर वळलेले. प्रत्येक धागा म्हणजे शेजारी शेजारी घट्ट चिकटलेली दोन सजातीय गुणसूत्रं, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. क्रॉसिंग ओव्हर म्हणजे तुकड्यांची अदलाबदल याच अवस्थेत होते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. तिची खूण पुढे डिप्लोटीनमध्ये दिसते, दोन गुणसूत्रं दूर व्हायला लागतात आणि जिथे अदलाबदल झाली तिथे फुलीसारखी अडकून राहतात.

चार विद्यार्थी बघायला थांबले. त्यांना मजा आली नाही. "सर, गुंता दिसते नुसता." खरंय. मोजता काहीच येत नाही. कांद्यात मायोसिसला सुरुवातीपासून शेवटापर्यंत साधारण चार दिवस लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ हा पहिल्या प्रोफेजचा असतो. मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात) आणि ॲनाफेज (ती दोन टोकांना ओढली जातात) त्या मानाने पटकन उरकतात. म्हणून कळी उचलली की हाताला गुंताच लागतो, पुस्तकातली देखणी चित्रं क्वचित.

१७ जानेवारी

रंग फिका येतोय. ॲसिटोकारमाइनला थोडं लोखंड मिळालं की गुणसूत्रं गडद होतात, म्हणून जुने लोक गंजकी सुई वापरायचे. मी उत्साहाने गंजका खिळा रंगाच्या बाटलीतच टाकून रात्रभर ठेवला. सकाळी सगळी बाटली काळी. स्लाइडवर पेशी काळ्या, पार्श्वभूमी काळी, मधे काळे कण. पन्नास मिली रंग आणि अर्धा दिवस गेला.

बाटलीला हात लावायचा नाही. स्लाइडवरच्या थेंबात परागकोश फोडताना गंजकी सुई वापरायची, दहा-पंधरा वेळा ढवळायचं, रंग लालवरून जांभळटाकडे झुकला की थांबायचं. एवढंच.

२० जानेवारी

दाबण्याची पद्धत, कारण यात सगळ्यात जास्त स्लाइडी वाया गेल्या.

थेंब लहान ठेवा. मोठा थेंब घेतला की पेशी कव्हरस्लिपच्या कडेने वाहून जातात. परागकोश मधोमध कापला आणि सुईने हलकं दाबलं की आतून साईसारखा पांढरट पट्टा बाहेर येतो. तो पट्टा म्हणजे आपला माल. परागकोशाची रिकामी साल चिमट्याने उचलून फेकून द्या. ती राहिली तर कव्हरस्लिप तिच्यावर टेकते आणि पेशी पसरतच नाहीत. शिवाय त्या सालीच्या आतल्या थराच्या, म्हणजे टॅपेटमच्या पेशींत बऱ्याचदा दोन दोन केंद्रकं असतात आणि मुलं त्यांनाच विभाजन समजतात. परागमातृपेशी मोठी, गोल असते आणि तिच्याभोवती जाड पारदर्शक भिंत असते, त्यावरून ओळखा.

मग कव्हरस्लिप, मग स्पिरिट लॅम्पवरून तीन-चारदा स्लाइड फिरवणं. हाताच्या मागच्या बाजूला सोसवेल एवढीच गरम. एकदा बुडबुडे आले की ती स्लाइड गेली. त्यानंतर टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप बाजूला जरा जरी सरकली तरी पेशी एकमेकींवर लोळतात. आधी पेन्सिलच्या रबराच्या टोकाने हलके टिचके मारले तर पेशी सुट्या होतात आणि अंगठ्याला कमी जोर लागतो.

२२ जानेवारी

आठ.

सकाळी साडेनऊला तोडलेल्या कळ्या. एका पेशीत डायकायनेसिस, म्हणजे पहिल्या प्रोफेजची शेवटची अवस्था, आठही जोड्या सुट्या सुट्या पसरलेल्या. काही जोड्या कड्यासारख्या, दोन्ही टोकांना अडकलेल्या. काही काडीसारख्या, एकाच टोकाला. मोबाइल आयपीसला लावून फोटो काढला, मग वर्गाला बोलावलं.

दोन मुलींनी नऊ मोजले. नववा म्हणजे फिकट गुलाबी गोल, केंद्रकी, म्हणजे केंद्रकातला छोटा गोळा. या अवस्थेत ती अजून पुरती विरलेली नसते आणि एखाद्या जोडीला चिकटून बसते. गडद आहे ते गुणसूत्र, फिकट आहे ते सोडा.

मग खरा प्रश्न आला, मागच्या बाकावरून. "मुळाच्या टोकात सोळा मोजले होते सर. इथं आठ. म्हणजे अर्धे झालेच की. मग पुढं कायले विभाजन?" पुस्तकातली आकृती पाहून हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्याला पुन्हा बघायला लावलं. आठ दिसतायत त्या जोड्या आहेत, प्रत्येकीत दोन गुणसूत्रं. पेशीत अजून सोळाच आहेत, आणि प्रत्येक गुणसूत्र आधीच दुहेरी झालेलं आहे. अर्धे व्हायचे आहेत ते आता, जोडीतलं एक इकडे आणि एक तिकडे ओढलं जाईल तेव्हा. नशिबाने शेजारच्याच स्लाइडवर ॲनाफेज होतं. एका टोकाला आठ, दुसऱ्या टोकाला आठ, मोजता आले. त्याने दोन्ही टोकं मोजली आणि मग मान हलवली.

कुठल्या जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठल्या बाजूला जाईल याला काही नियम नाही. आठ जोड्या म्हणजे दोनचा आठवा घात, २५६ प्रकारच्या वाटण्या, तेही अदलाबदल न धरता. माणसात २३ जोड्या, त्याचे ८३,८८,६०८ होतात. फळ्यावर मुलांनीच गुणाकार केला. एका घरात दोन भावंडं सारखी का नसतात ते सांगायला मला काही बोलावं लागलं नाही.

२३ जानेवारी

जरा मोठ्या कळ्या घेतल्या. एका परागकोशात द्वयी, पहिल्या विभाजनानंतर मधोमध पडदा पडून झालेल्या दोन पेशी. त्याहून थोड्या मोठ्या कळीत चौकडी. चार पेशी एका जाड आवरणात, प्रत्येकीत आठ गुणसूत्रं. दुसऱ्या विभाजनात जोड्या लागत नाहीत, दुहेरी गुणसूत्राचे दोन धागे वेगळे होतात, बस. ते मायटोसिससारखंच दिसतं आणि म्हणून मुलं पटकन ओळखतात.

एक सांगून ठेवतो, नाहीतर गोंधळ होईल. पहिल्या विभाजनानंतर लगेच भिंत पडणं ही कांद्यासारख्या बहुतेक एकदलांची रीत. कपाशीत भिंत तेव्हा पडत नाही, दोन्ही विभाजनं उरकल्यावर चारही पेशी एकदम वेगळ्या होतात. त्यामुळे कपाशीत द्वयी शोधत बसलात तर ती मिळणारच नाही. सप्टेंबरमध्ये मला हे आठवलं असतं तर त्या बारीक पात्यांवरची एक दुपार वाचली असती.

२४ जानेवारी ते ३ फेब्रुवारी

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा. मायक्रोस्कोप सगळे गुंतलेले. कळ्या २४ तास द्रावणात ठेवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवल्या आणि फ्रीजमध्ये टाकल्या, त्या तशाच टिकल्या. तयार स्लाइडींच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या होत्या. आठवड्याने पाहिलं तर चांगल्या, त्यानंतर कडेने हवा शिरायला लागली. कायमच्या स्लाइडी करण्याच्या फंदात पडलो नाही, ताजी स्लाइड करायला दहा मिनिटं लागतात.

४ फेब्रुवारी

"मायोसिसमधून युग्मक (नर किंवा मादी जननपेशी) तयार होतात" हे वाक्य आम्ही सगळेच वर्गात बोलतो. प्राण्यांत ते ठीक. इथे चौकडीतून सुटलेली पेशी हा परागकण व्हायचा आहे, तो अजून युग्मक नाही. त्याच्या आत आधी एक साधं विभाजन होतं. एक पेशी परागनलिका चालवते आणि दुसरी पुढे दुभागून दोन नर युग्मकं देते. कांद्यात हे शेवटचं दुभागणं परागनलिकेतच होतं. मुलांना हे स्लाइडवर दाखवता आलं, जुन्या परागकणात दोन केंद्रकं दिसली.

मादीकडची बाजूही पाहावी म्हणून बीजांडं काढली. अंडाशयात तीन कप्पे, एकेकात दोन बीजांडं, म्हणून एका फुलाला जास्तीत जास्त सहा बिया. एका बीजांडात मायोसिस करणारी पेशी एकच. ती दाबून शोधणं म्हणजे ढिगातून एक दाणा नेमका उचलणं. ते छेद घेऊनच होतं आणि आमच्याकडे मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप घेणारं यंत्र, नाही. सोडून दिलं. कांद्यात तर पहिल्या विभाजनातून झालेल्या दोनपैकी एक पेशी मरते आणि उरलेलीतून भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी असलेला भाग, होतो. पुस्तकात चारपैकी तीन मरतात असं असतं, ते सगळीकडे खरं नाही.

तेव्हा एका मुलीने विचारलं, बाईमध्ये कधी होतं मग हे? मुलगी जन्मायच्या आधीच अंडपेशींमधलं मायोसिस सुरू होतं आणि पहिल्या प्रोफेजमध्ये थांबून राहतं. वयात आल्यावर महिन्याला साधारण एक अंडपेशी पुढे सरकते, आणि दुसरं विभाजन शुक्राणू आत शिरला तरच पूर्ण होतं. वर्ग गप्प झाला. मग कोणीतरी म्हणालं, कांद्याचं बरं, चार दिवसांत मोकळा.

८ फेब्रुवारी

परवा रात्री वारं सुटलं आणि प्लॉटमधले काही दांडे मोडले, मादीच्या ओळीतलेही. काकांचा सकाळीच फोन आला, "आता न्या, हे तसेबी गेलेच."

मादीच्या ओळीत परागकण धरत नाहीत, म्हणून तर ती मादी. कांद्याच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण या ओळींतलं नर अंग निकामी असतं. संकरित बियाण्याचा सगळा धंदा यावर उभा आहे, नाहीतर प्रत्येक बारीक फुलातले सहा परागकोश हाताने काढत कोण बसणार? असं झाड पहिल्यांदा १९२५ साली कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना इटालियन रेड या वाणात सापडलं. त्याच्या गोंड्यात बियांऐवजी छोट्या कंदिका धरल्या म्हणून ते टिकवता आलं. त्याची आनुवंशिकता जोन्स आणि क्लार्क यांनी १९४३ मध्ये मांडली.

माझा अंदाज होता की यांच्यात मायोसिसच होत नसणार, किंवा अर्धवट थांबत असणार. तीन मिलिमीटरची कळी घेतली, एक परागकोश फोडला. डायकायनेसिस. आठ जोड्या, अगदी नराच्या ओळीसारख्या. पुढची कळी, ॲनाफेज, आठ-आठ. त्यापुढची, चौकडी, एकदम नीट. मग आणखी मोठ्या कळ्या घेत गेलो आणि तिथे फरक दिसायला लागला. चौकडीतून सुटलेल्या पेशी चुरगळलेल्या, आतला रंग घेणारा भाग नाहीसा. उमलायला आलेल्या फुलात तर नुसती रिकामी टरफलं.

म्हणजे गुणसूत्रांची वाटणी बिनचूक होते. बिघडतो तो टॅपेटमचा थर, कोवळ्या परागकणांना पोसणारा. हीच ती साल जी आपण चिमट्याने काढून फेकतो. दोन्ही ओळींच्या कळ्या आकाराप्रमाणे समोरासमोर लावून मुलांना दाखवा. वंध्यत्व म्हटलं की मुलं लगेच मायोसिसमध्ये गडबड असं लिहितात. खेचराच्या बाबतीत ते बरोबर आहे, घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ मिळून ६३ होतात आणि जोड्या नीट लागत नाहीत. केळीतही तेच, तीन संच, ३३ गुणसूत्रं, म्हणून बी नाही. इथे मात्र कारण वेगळं आहे आणि ते फक्त स्लाइड बघूनच कळतं.

१० फेब्रुवारी

फोटो दाखवायला प्लॉटवर गेलो. काकांनी मोबाइल उन्हात आडवा धरून दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. "म्हंजे मादीतबी नर तयार होते?" म्हटलं, होतो, पण पोसला जात नाही. ते म्हणाले, "दाना धरला पन भरला नाही." वर्गात आता हेच वाक्य वापरतो.

त्यांची काळजी वेगळीच. परागकण कितीही चांगले असले तरी नराच्या ओळीतून मादीच्या ओळीत न्यायला मधमाशी लागते, आणि यंदा माशी कमी आहे. फुलोऱ्यात फवारणी बंद ठेवली आहे, तरी शेजारच्या शेतातली फवारणी कोण थांबवणार.

२४ फेब्रुवारी

खर्च. कारमाइन अकराशे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. ॲसेटिक ॲसिड अर्धा लिटर, साडेतीनशे. स्लाइडी आणि कव्हरस्लिप मिळून तीनशेच्या आसपास, कव्हरस्लिप दुप्पट घ्या, दाबताना फुटतात. रिओची कुंडी साठ रुपये. अल्कोहोल उसनं. एसटीचं भाडं धरलेलं नाही.

पुढच्या वर्षीसाठी दोन्ही ओळींच्या कळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत भरून ठेवल्या आहेत. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकलंय, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की आधी त्यातली एक कळी काढून रंग घेते का बघायचं. जुन्या कळ्या रंग कमी घेतात असा अनुभव आहे, त्यामुळे यावर पूर्ण विसंबून राहू नका. ताज्या कळ्या हव्या असतील तर पडदा फाटणारे गोंडे जानेवारीतच मिळतात. आज प्लॉटवर शोधून पाहिलं, नराच्या ओळीत कोवळी कळी उरलेली नाही.